ओळखीचा माणूस आणि नोंदणीचा नंबर



मंडळाच्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात हल्ली एक टेबल हमखास असते. गणेशोत्सवात ते जेवणाच्या रांगेशेजारी असते, दिवाळीच्या कार्यक्रमात साड्या आणि मोत्यांच्या दागिन्यांच्या मधोमध. टेबलावर चकचकीत पत्रके, एक पेढ्यांचा बॉक्स आणि नाव-फोन लिहिण्याची वही. मागे आपलाच एक हसतमुख मराठी माणूस. मुलांच्या कॉलेजचा खर्च, निवृत्तीची तरतूद, कर वाचवण्याचे उपाय, सगळ्यांवर त्याच्याकडे काही ना काही असते. तो मंडळाला देणगी देतो, स्मरणिकेत पूर्ण पानाची जाहिरात देतो, बक्षीस समारंभाचे प्रायोजकत्व घेतो. मंडळाला पैशाची गरज असतेच. हॉलचे भाडे आणि भारतातून येणाऱ्या कलावंतांचा खर्च दरवर्षी वाढतो. त्यामुळे चेक आला की आम्ही स्वयंसेवक तो आनंदाने घेतो आणि रांगोळीच्या कामाला लागतो.

आमचे म्हणणे असे आहे की हा चेक घेण्यापूर्वी मंडळाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: "आपला नोंदणी क्रमांक काय?" उत्तर मिळाल्यावर तो क्रमांक तपासावा, जाहिरातीत छापावा, आणि क्रमांक नसेल तर टेबल देऊ नये, जाहिरातही घेऊ नये. कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा मते विभागली. "आपल्याच माणसावर अविश्वास कसा दाखवायचा?" असे काहींना वाटले. भावना समजण्यासारखी आहे, पण तिच्यात एक गैरसमज आहे. या देशात गुंतवणुकीचा व्यवसाय करणाऱ्यांवर देखरेख कशी असते, हे नीट समजून घेतले तर हा प्रश्न अविश्वासाचा वाटणार नाही. म्हणून आधी थोडी माहिती आणि मग आमचे मत.

१९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यानंतर १९३३ आणि १९३४ साली इथल्या काँग्रेसने दोन मोठे कायदे केले. १९३४ च्या कायद्याने सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे एस.ई.सी., स्थापन झाले. परंतु देशभरातल्या हजारो दलालांच्या रोजच्या कारभारावर वॉशिंग्टनमधल्या एका कार्यालयाने लक्ष ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा १९३८ मध्ये कनेक्टिकटचे सिनेटर फ्रान्सिस मॅलोनी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. व्यवसायाने आपली स्वतःची संघटना उभारावी, नियम करावेत, सभासदांना शिस्त लावावी आणि त्या संघटनेवर एस.ई.सी.ने नजर ठेवावी, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी एन.ए.एस.डी. ही संघटना उभी राहिली. २००७ साली तिचा आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या देखरेख विभागाचा मिळून फिनरा झाला. आज फिनराच्या अखत्यारीत तीन हजारांहून अधिक ब्रोकरेज कंपन्या आणि सहा लाखांहून अधिक नोंदणीकृत प्रतिनिधी आहेत.

तिसरी पातळी राज्यांची, आणि ती सर्वांत जुनी. कॅन्ससने आपला कायदा १९११ सालीच केला होता. वॉशिंग्टन जागे होण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी! आजही दलालाला ज्या राज्यातल्या ग्राहकांशी व्यवहार करायचा, त्या राज्यात सहसा वेगळी नोंदणी करावी लागते.

थोडक्यात, पीठ तीन चाळण्यांतून चाळले जाते. आपल्याला फोन करणाऱ्या प्रतिनिधीने परीक्षा दिलेली असते, बोटांचे ठसे दिलेले असतात, आणि एका लांबलचक अर्जात पूर्वीच्या नोकऱ्या, फौजदारी प्रकरणे, दिवाळखोरी, ग्राहकांच्या तक्रारी हे सर्व लिहून दिलेले असते. तो नोकरी सोडतो तेव्हा कंपनीला कारणासहित कळवावे लागते. त्याच्यावर लक्ष ठेवणारा वरिष्ठ नेमलेला असतो, आणि त्या वरिष्ठाने डोळेझाक केली तर शिक्षा त्यालाही होते. या नोंदींचा मोठा भाग 'ब्रोकरचेक' नावाच्या यादीत कोणालाही फुकट पाहता येतो. नाव किंवा सी.आर.डी. क्रमांक घातला की माणूस कुठे कुठे होता, कोणत्या परीक्षा पास झाला, त्याच्याविरुद्ध काय वाद झाले, हे पाच मिनिटांत दिसते. ही सोय या व्यवसायाच्या वर्गणीतून उभी राहिली आहे. तिचा उपयोग न करणे म्हणजे घरात विहीर असून तहानलेले राहणे.

दुसरी गोष्ट पैशांच्या सुरक्षिततेची. पुष्कळांना वाटते की बँकेत जसा विमा असतो, तसाच ब्रोकरकडेही असतो. तसे नाही, आणि हा फरक समजून घेण्याजोगा आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शेअर्सची खरेदी-विक्री इतकी वाढली की कागदी सर्टिफिकेटांचे ढीग साचले. कोणाचे शेअर्स कुठे आहेत याचा पत्ता लागेना. १९६८ मध्ये तर कागदपत्रे उरकण्यासाठी न्यूयॉर्कचा बाजार कित्येक महिने दर बुधवारी बंद ठेवावा लागला. पाठोपाठ बाजार पडला, अनेक कंपन्या बुडाल्या, आणि असे दिसले की कंपनीचे पैसे आणि ग्राहकांचे पैसे एकमेकांत मिसळलेले होते. त्यातून १९७० साली सिपिक ही संस्था निर्माण करणारा कायदा झाला. १९७२ मध्ये ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा नियम आला आणि १९७५ मध्ये भांडवलाचा नियम सर्वांसाठी एकसारखा झाला.

यातला वेगळेपणाचा नियम सर्वांत मोलाचा. आपण सोनाराकडे बांगड्या पॉलिशला देतो तेव्हा त्या त्याच्या दुकानात असतात, पण त्याच्या होत नाहीत. तसेच पूर्ण पैसे देऊन घेतलेले आपले शेअर्स कंपनीला स्वतःच्या धंद्यासाठी वापरता येत नाहीत. आपल्या पडून असलेल्या रकमेचा हिशोब करून ती वेगळ्या राखीव खात्यात ठेवावी लागते. शिवाय ग्राहकांची मालमत्ता स्वतःकडे ठेवणाऱ्या कंपनीजवळ किमान २,५०,००० डॉलरचे भांडवल, आणि व्यवसाय मोठा असेल तर त्याहून कितीतरी अधिक, सतत असावे लागते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मार्जिनवर, म्हणजे कर्ज काढून, शेअर्स घेतले तर त्या कर्जाच्या १४० टक्क्यांपर्यंतच्या किमतीचे शेअर्स कंपनी पुढे गहाण टाकू शकते. खाते उघडताना बारीक अक्षरांत आपण याला संमती दिलेली असते.

हा नियम कागदावरच आहे का? २००८ साली लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा त्याची परीक्षा झाली. एवढी मोठी कंपनी कोसळली, तरी तिच्या ब्रोकरेज शाखेतील १,१०,००० हून अधिक ग्राहक खाती आणि सुमारे ९२ अब्ज डॉलरची मालमत्ता दुसऱ्या कंपन्यांकडे हलवता आली. मालमत्ता मुळात वेगळी ठेवलेली होती म्हणूनच हे घडू शकले.

सिपिकचे काम यानंतर सुरू होते. कंपनी बुडाली आणि ग्राहकांच्या मालमत्तेत तूट आढळली, तर सिपिक एका ग्राहकामागे ५,००,००० डॉलरपर्यंत भरपाई देते. त्यात रोख रकमेची मर्यादा २,५०,००० डॉलर. पण भाव पडल्यामुळे झालेले नुकसान सिपिक भरून देत नाही. वाईट सल्ल्याचे नुकसानही नाही. फ्यूचर्सचे सौदे या संरक्षणात बसत नाहीत. "यात सिपिकचा विमा आहे, पैसे बुडूच शकत नाहीत," असे कोणी म्हणाले, तर त्याला एक तर समजलेले नाही किंवा त्याला आपल्याला समजू द्यायचे नाही.

आता या व्यवस्थेच्या मर्यादा. त्या सांगितल्या नाहीत तर आमचे म्हणणे अर्धेच राहील.

बर्नार्ड मॅडॉफ याची कंपनी १९६० पासूनची. तो नोंदणीकृत होता. इतकेच नव्हे, त्याने नॅस्डॅकचे अध्यक्षपदही भूषवले होते. एस.ई.सी.कडे १९९२ ते २००८ या काळात त्याच्याविषयी सहा ठोस तक्रारी आल्या. बॉस्टनच्या हॅरी मार्कोपोलोस यांनी २००० पासून आकडेमोड करून दाखवले की एवढा सुरळीत नफा शक्यच नाही. तपासणीस आले, कागद पाहून गेले. २००८ च्या डिसेंबरात मॅडॉफने आपण होऊन कबुली दिली तेव्हा ग्राहकांच्या स्टेटमेंटांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर होते, आणि ते शेअर्स कधी खरेदीच झाले नव्हते. एस.ई.सी.च्याच महानिरीक्षकांच्या २००९ च्या अहवालात खात्याची चांगली खरडपट्टी आहे. सौदे खरोखर झाले का, हे तिऱ्हाईताकडून पडताळून पाहण्याची साधी गोष्ट तडीस नेली गेली नव्हती.

आम्ही व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. ज्याने पदार्थ तयार केला, त्याच्याच वहीवरून तो शुद्ध आहे असे प्रमाणपत्र आमच्या प्रयोगशाळेत कोणी देत नाही. नमुना दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्या यंत्रावर मोजला जातो. मॅडॉफच्या बाबतीत सल्ला देणारा तोच, सौदे करणारा तोच, मालमत्ता सांभाळणारा तोच आणि स्टेटमेंट छापणाराही तोच. हिशोब तपासणारे कार्यालय तर अवघ्या तीन माणसांचे. त्यानंतर नियम कडक झाले. ब्रोकरेज कंपन्यांच्या हिशोब तपासनिसांवरही देखरेख आली, आणि माहिती देणाऱ्या जागल्यांना बक्षीस देण्याची तरतूद २०१० च्या कायद्याने केली. परंतु मूळ धडा आपल्यासारख्या ग्राहकांसाठी आहे: सल्ला देणारा आणि मालमत्ता सांभाळणारा वेगवेगळे असावेत, आणि स्टेटमेंट सांभाळणाऱ्याकडून थेट आपल्या घरी यावे.

मॅडॉफची आणखी एक बाजू आपल्या मंडळाने विशेष ध्यानात घ्यावी. त्याचे ग्राहक त्याला वर्तमानपत्रातील जाहिरातींतून मिळाले नाहीत. ते मिळाले क्लबांतून, धर्मादाय संस्थांच्या विश्वस्त मंडळांतून, ज्यू समाजातल्या ओळखींतून. नोबेल पारितोषिक विजेते एली वीझेल यांच्या संस्थेचे सुमारे दीड कोटी डॉलर त्यात गेले. ती माणसे अडाणी नव्हती. ती एकमेकांवर विश्वास ठेवणारी माणसे होती, आणि नेमके तेच भांडवल मॅडॉफने वापरले. ज्यांनी वर्षानुवर्षे 'नफा' काढून घेतला होता त्यांच्यापैकी अनेकांवर तो परत करण्यासाठी दावे झाले, कारण तो नफा म्हणजे दुसऱ्या कोणाचे मुद्दल होते. वसुली अधिकाऱ्याने आजवर १४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली, ही या व्यवस्थेची जमेची बाजू. पण ज्यांचे निवृत्तीचे पैसे अडकले त्यांची मधली वर्षे कोणी भरून दिली?

हे दुसऱ्या समाजाचे झाले असे म्हणायला जागा नाही. टेक्सासमधील एका कंपनीवर आणि तिच्या संस्थापकांवर एस.ई.सी.ने २०२३ साली दावा लावला. भारतीय-अमेरिकन समाजातील गुंतवणूकदारांकडून सुमारे १३ कोटी डॉलर फसवून गोळा केल्याचा आरोप त्या दाव्यात आहे. अशा प्रकरणांत गुंतवणूकदार कंपनीकडे जात नाहीत, कंपनीच त्यांच्या देवळात, क्रिकेटच्या मैदानावर आणि मंडळात येते.

परदेशात ओळखीला इतकी किंमत का येते, हे आपण सर्व जाणतो. विमानतळावर घ्यायला कोण आले, पहिले अपार्टमेंट कोणी मिळवून दिले, बाळंतपणात डबा कोणी पाठवला, या गोष्टी आपण विसरत नाही आणि विसरूही नयेत. गावाकडे माणसाची पारख चार बाजूंनी होई. त्याचे वडील, त्याचे घर, बाजारातली त्याची पत सगळ्यांना ठाऊक असे. इथे त्यातले काहीच नसते. असते ते फक्त 'तो पुण्याचा आहे', 'तिची बहीण आमच्या कॉलेजात होती', 'त्याचे मराठी किती गोड आहे'. एवढ्या आधारावर आपण घराच्या किल्ल्या देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण आयुष्यभराची शिल्लक ही किल्ल्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी या देशाने जी पारख करून ठेवली आहे ती वापरण्यात लाज कसली?

आता थोडे टेबलामागच्या माणसाविषयी. 'फायनान्शियल कन्सल्टंट', 'वेल्थ मॅनेजर' असे शब्द कार्डावर असतात. त्यांवरून माणूस कायद्याने कोण आहे हे कळत नाही. तो तिघांपैकी कोणी असू शकतो. ब्रोकरचा प्रतिनिधी असेल तर तो फिनराकडे नोंदलेला असतो, आणि ३० जून २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे शिफारस करताना त्याने ग्राहकाचे हित स्वतःच्या कमिशनपुढे ठेवले पाहिजे. गुंतवणूक सल्लागार असेल तर तो १९४० च्या कायद्याखाली एस.ई.सी.कडे किंवा राज्याकडे नोंदलेला असतो, आणि त्याच्यावर विश्वस्ताची जबाबदारी असते. तो केवळ आयुर्विम्याचा एजंट असेल तर त्याचा परवाना राज्याच्या विमा खात्याचा असतो. त्या परवान्यावर त्याला शेअर्स किंवा म्युच्युअल फंड विकता येत नाहीत. तिघेही प्रामाणिक असू शकतात. परंतु कोण कशाचे पैसे मिळवतो हे कळल्याशिवाय सल्ल्याची किंमत करता येत नाही. ब्रोकर आणि सल्लागार या दोघांना फी, कमिशन आणि हितसंबंध सोप्या भाषेत लिहिलेले एक छोटे पत्रक ग्राहकाला द्यावेच लागते. ते मागून घ्या.

सर्वांत मोठी गळती आहे ती या तिन्ही चाळण्यांच्या बाहेर. एखादे मोटेल, गॅस स्टेशन, जमिनीचा तुकडा, मित्राच्या मित्राचा 'फंड': असा हिस्सा विकताना खाजगी विक्रीची सवलत घेता येते. पूर्वीच्या दोन्ही वर्षी उत्पन्न २,००,००० डॉलरच्या वर, किंवा पती-पत्नीचे मिळून ३,००,००० च्या वर, अथवा राहते घर सोडून मालमत्ता दहा लाखांच्या वर असेल, तर कायदा आपल्याला 'जाणकार' समजतो. उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे हे आकडे १९८० च्या दशकातले आहेत. तेव्हा ते मूठभरांना लागू होत. आज दोघेही नोकरी करणारी आपल्यातली कितीतरी घरे त्यांत बसतात. जाणकार ठरणे म्हणजे संरक्षण कमी होणे, हे मात्र कोणी सांगत नाही. अशा विक्रीसाठी एस.ई.सी.कडे एक सूचनापत्र भरले जाते. तिथे त्याची छाननी होत नाही. तरी "हे एस.ई.सी.कडे फाइल केले आहे" असे अभिमानाने सांगितले जाते. खरे तर एस.ई.सी.ने एखाद्या गुंतवणुकीला पसंती दिली आहे असे म्हणणेच बेकायदा आहे.

काही वेळा चांगल्या कंपनीचा नोंदणीकृत प्रतिनिधीच कंपनीला न सांगता अशी वस्तू ओळखीत विकतो. नियमाप्रमाणे त्याने आधी कंपनीला लेखी कळवायचे असते, आणि मोबदला मिळणार असेल तर परवानगीही घ्यायची असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. चेक कोणाच्या नावाने मागितला? कंपनीऐवजी त्या माणसाच्या किंवा त्याच्या एखाद्या एल.एल.सी.च्या नावाने मागितला असेल, तर तिथेच थांबावे आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन करावा.

भारतातील खात्यांबद्दलही दोन शब्द, कारण आपल्यापैकी अनेकांची मुंबई-पुण्यात डीमॅट खाती आहेत आणि त्यांसाठी दलालाला मुखत्यारपत्र देणे बंधनकारक नाही. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले त्याच १९९२ साली सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. तरीही २०१९ च्या नोव्हेंबरात सेबीला हैदराबादच्या कार्वी या मोठ्या ब्रोकरवर कारवाई करावी लागली, कारण मुखत्यारपत्रांच्या आधारे ग्राहकांचे शेअर्स कर्जासाठी गहाण टाकले गेले होते. डिपॉझिटरीमार्फत ८०,००० हून अधिक ग्राहकांना शेअर्स परत मिळाले. तिथेही धडा तोच: दलालाच्या ईमेलवर विसंबू नका, डिपॉझिटरीकडून थेट येणारे एकत्रित स्टेटमेंट उघडून वाचा.

ज्येष्ठ सभासदांविषयी आम्हाला विशेष काळजी वाटते. सत्तरच्या दशकात आलेली, हे मंडळ उभे करणारी पिढी आज निवृत्त आहे. खात्यात शिल्लक आहे, मुले दुसऱ्या राज्यांत आहेत, आणि फोनवर मराठी बोलणाऱ्या कोणाचाही आवाज गोड वाटतो. २०१८ पासून ब्रोकरेज कंपन्यांनी खातेदाराला 'विश्वासू संपर्क व्यक्ती'चे नाव विचारणे अपेक्षित आहे. काही गैर चालल्याची शंका आली तर कंपनी त्या व्यक्तीशी बोलू शकते. त्या व्यक्तीला खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार मिळत नाही, त्यामुळे नाव देण्यात धोका नाही. हा एक फॉर्म भरायला आपल्या काका-मावशींना आपण एखाद्या रविवारी मदत करू शकतो.

आमच्या प्रस्तावावर जे आक्षेप आले ते आता पाहू. पहिला: "फिनरा ही धंदेवाल्यांचीच संस्था, तिच्या नोंदणीला काय अर्थ?" यात तथ्य आहे. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था सभासदांना किती टोचणार, हा प्रश्न १९३८ पासून विचारला जातो. तक्रार झाली तर आपण बहुधा कोर्टात जाऊ शकत नाही, कारण खाते उघडतानाच लवादाची अट मान्य केलेली असते, आणि ती अट वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले. लवादही फिनराच चालवते. हे आम्हालाही खटकते. पण नोंदणी असलेल्या माणसाविरुद्ध जाण्यासाठी निदान एक दार आहे, ५०,००० डॉलरपर्यंतच्या तक्रारीसाठी साधी पद्धत आहे, सहा वर्षांची मुदत आहे. नोंदणीच नसलेल्या माणसाविरुद्ध लवादाचे ते दार नाही, आणि बुडाल्यावर सिपिकही नाही. नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. ती नसणे मात्र धोक्याची घंटा आहे.

दुसरा आक्षेप: "मंडळ म्हणजे काय पोलीस चौकी?" नाही. पण मंडळ जेव्हा टेबल देते, व्यासपीठावरून नाव घेते, शाल-श्रीफळ देते, तेव्हा ते नकळत जामीन राहते. सभासद मनात म्हणतो, "मंडळाने बोलावले आहे म्हणजे पाहिलेच असेल." आम्ही काहीच पाहिलेले नसते. पावतीपुस्तक आम्हीच सांभाळतो, म्हणून हे ठामपणे लिहितो.

तिसरा: "चांगल्या माणसांना वाईट वाटेल." आमचा अंदाज उलटा आहे. आपल्यात परीक्षा देऊन, नियम पाळून, कमी नफ्यावर नेकीने काम करणारे अनेकजण आहेत. त्यांना क्रमांक छापायला अडचण नाही. अडचण त्यांना होते ती पलीकडच्या टेबलावर कोणी "महिन्याला दोन टक्के, खात्रीने" सांगतो तेव्हा.

तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही असा ठराव ठेवीत आहोत. एक, गुंतवणूक किंवा विमा विकणाऱ्या प्रत्येक जाहिरातदाराने आपला सी.आर.डी. अथवा राज्याचा परवाना क्रमांक द्यावा आणि तो जाहिरातीत छापावा. दोन, दोन स्वयंसेवकांनी तो स्वतंत्रपणे तपासून नोंदवहीत तारीख घालावी. तीन, खाजगी हिश्श्यांच्या विक्रीला मंडळाच्या कार्यक्रमांत जागा देऊ नये, विकणारा मंडळाचा माजी अध्यक्ष असला तरी. चार, प्रत्येक अंकात एक ओळ छापावी की जाहिरात म्हणजे मंडळाची शिफारस नव्हे. पाच, वर्षातून एकदा शनिवारी दुपारी ग्रंथालयात बसून ज्यांना हवे त्यांना ब्रोकरचेक पाहायला आणि स्टेटमेंट वाचायला शिकवावे. त्या दिवशी कोणी काही विकणार नाही. चहा-चिवड्याचा खर्च मंडळाचा.

यामुळे दोन-तीन प्रायोजक कदाचित कमी होतील. हॉलच्या भाड्यात तेवढी खोट आली तर तिकिटाचे दर थोडे वाढवावे लागतील, आणि ते सभासदांना सांगण्याची जबाबदारी आम्ही घेऊ. पण आपल्याच उत्सवात भेटलेल्या माणसामुळे एखाद्या घराची शिल्लक गेली, तर ते घर पुढच्या वर्षी आरतीला येणार नाही, आणि का आले नाही हे कोणाला सांगणारही नाही. फसलेला माणूस आपल्या समाजात गप्प बसतो.

ठरावाच्या विरुद्ध मत असेल तर तेही जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू. आणि सभेला या. मागच्या वर्षी गणसंख्येसाठी अर्धा तास थांबावे लागले होते.